कटाच्या बाटल्या

“ताई, फेकू का ठेवू?” बाटली खिडकीच्या उजेडात धरून त्या विचारायच्या. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या काचसामान धुवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नुसती मान हलवायची. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अडखळे. हसं होण्यापेक्षा गप्प बसणं सोपं. अशी एखादी मुलगी तुम्हीही पाहिली असेल.

बाटलीत मेंदूतल्या आधारपेशी वाढवून उरलेलं पाणी असे. या पेशींजवळ चेतापेशी ठेवल्या की त्या एकमेकींशी जोडण्या करतात, हे मला करून दाखवायचं होतं. एकट्या चेतापेशी बशीत जगत, पण जोडण्या अगदी तुरळक.

एका सोमवारी बघते तर आधारपेशींच्या सगळ्या बशांवर बुरशी. चेतापेशी वाचल्या होत्या, पण त्या आठवडाभरच टिकणार; नव्या आधारपेशी वाढवायला महिना लागे.

“प्रकल्प बंद करावा लागेल,” माझे मार्गदर्शक सर म्हणाले.

सर गेल्यावर अक्कांनी फ्रीजरचा खालचा कप्पा ओढला. बाटल्यांची रांग. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर एकच शब्द: कट.

“बठ्ठं ठेयेल शे.”

“सगळं ठेवलंत? पण ते फेकायचं होतं ना?”

“तुमीन मुंडी हालाडी, मी ठी दिनं. पुरनले दाय शिजाडतस, तिन्हं पानी फेकतस का? आमटी तेन्हीच व्हस!”

ते पाणी गाळून मी चेतापेशींना घातलं. सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ठिपकेच ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक जोडणी. बशीत आधारपेशी एकही नव्हती. त्यांनी पाण्यात सोडलेली प्रथिनंच काम करून गेली होती. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

“पाणी साठवायचं तुला सुचलं?” सर जवळजवळ ओरडले.

अक्का सिंकपाशी होत्या. मी मान हलवली. सरांनी हवा तो अर्थ घेतला. ब्रशचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

जाताना अक्का हसल्या. “मुंडी भलती हालस व ताई तुमनी.”

रविवारभर मी सरांना सांगायचं वाक्य पाठ केलं. सोमवारी सिंकपाशी दुसरीच बाई. ठेकेदार बदलला होता. अक्का धुळ्याकडच्या, एवढंच सगळ्यांना माहीत. पूर्ण नाव कुणालाच नाही. मलाही नाही.

नव्या बाईने काही न विचारता उरलेली बाटली सिंकवर उलटी धरली.

“ठेवा!”

सगळे वळले. सरही. एवढा मोठा आवाज माझा होता.

“ती अक्कांची आहे,” मी म्हणाले. “सगळ्या त्यांच्याच होत्या.”