सोयऱ्यांची यादी

बाळाराम नाखवा कोणाचाही पेनड्राइव्ह मशीनला लावायच्या आधी तळहातावर ठेवून त्याला विचारायचे, "कोन रं तू? कंच्या गावचा? कुनाकडला?" गिऱ्हाईक नवीन असलं तर ते गोंधळून स्वतःचंच नाव-गाव सांगायला लागे. पहिल्या दिवशी मीही सांगितलं होतं. "मी इथेच, सेक्टर सहा. मूळ सातारा." नाखवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुना नाय बाय, याला इचारलं. पन बरं जालं सांगितलंस."

नेरुळमध्ये आमच्या सोसायटीच्या खाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घर सारसोळ्यात, पाच मिनिटांवर. नाखवा म्हणजे होडीचा मालक, पण होडी त्यांच्या वडिलांची होती. हे स्वतः विशीनंतर खाडीत उतरले नव्हते. बोटांवर जाळ्याच्या दोरीचे जुने वण मात्र राहिले होते आणि त्याच बोटांनी ते घड्याळजीसारखे बारीक स्क्रू उचलायचे. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येई. मी इंग्रजी माध्यमातली, हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि पडद्याकडे बोट केलं. "तू वाच, मी समजतो." मी एररचे संदेश मोठ्याने वाचायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मला शब्द कळायचे, बिघाड त्यांना कळायचा.

मी त्यांच्याकडे का गेले ते सांगायला हवं. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि शेतीचा एक गेम खेळायचे. खेळायचे त्यापेक्षा त्यात बदल करत बसायचे. मूळ गेममध्ये आपलं काही घुसवायचं, त्याला मॉड म्हणतात. माझ्या मॉडमध्ये परदेशी गावाच्या जागी खाडीकाठचं गाव होतं. हे घरी कोणाला माहीत नव्हतं. मैत्रिणी फारशा नव्हत्या, त्यामुळे बाहेरही कोणाला नव्हतं. मॉड गेममध्ये बसवणारं जे टूल होतं ते मी उतरवून घेतलं की अँटिव्हायरस ते खाऊन टाकायचा. तीन वेळा उतरवलं, तीन वेळा गायब. दुकानात काय बोलायचं ते मी जिन्यात दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

नाखवा हसले नाहीत. म्हणाले, "ह्यो तुजा टूल काय करतो? दुसऱ्याच्या घरान मागच्या दारानं शिरतो. चोर बी तसाच शिरतो. वाचमनला फरक कसा कलंल?"

"मग वॉचमन बंदच करू या ना, काका."

"लगीनघरचा दरवाजा उघडा टाकून झोपतं का कोनी? हुबं राहून इचारायचं. आपला असंल तर त्याचं नाव यादीत टाकायचं. यो सोयरा हाय, याला आडवू नको."

अँटिव्हायरसमध्ये एक यादी असते. त्यात जो फोल्डर घालू त्याला तो तपासत नाही. नाखवांच्या भाषेत ती सोयऱ्यांची यादी. गावात लग्नाच्या मांडवाच्या दारात त्यांचे वडील उभे राहायचे आणि येणाऱ्याला नाव, गाव, कुनाकडला विचारायचे. विचारण्यात संशय नसायचा, ती येणाऱ्याची आदब असायची, असं ते सांगत. माझा लॅपटॉप जुना, गेम ओढायचा नाही. म्हणून त्यांनी दुकानातल्या कोपऱ्यातल्या मशीनवर डी ड्राइव्हमध्ये 'बाय' नावाचा फोल्डर करून दिला आणि तेवढाच यादीत घातला. "खोलीची चावी द्यायची, घराची नाय," ते म्हणाले. मग दुपारी दोन ते चार, ते घरी जेवून झोपायचे तेव्हा, मी दुकान सांभाळायचे आणि त्या मशीनवर बसायचे.

चार वाजता ते आले की आधी माझे मासे बघायचे. गेममधल्या परदेशी माशांच्या जागी मी बोंबील, निवटी, जिताडा काढत होते. "जिताडा आसा निला कवा होता गं? तुनी काय फ्रिजमदला बघून काढला काय?" मग कागदावर बॉलपेनने मासा काढून दाखवायचे, कल्ला कुठे, पोट कुठे पांढरं. माझ्या आयुष्यात एवढ्या गांभीर्याने माझ्या गेमबद्दल कोणी बोललं नव्हतं.

काम करताना त्या मशीनवर हळू आवाजात गाणी लागलेली असायची. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, साथीला काही नाही, मधूनच कोंबडा आरवलेला. ती त्यांची आई. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांनी लावणारी बाई. ती गाणी कुठे लिहिलेली नव्हती. शेवटच्या वर्षी नाखवा फोन घेऊन तिच्यासमोर बसले, तर म्हातारी म्हणे, "लगीन नाय न काय नाय, धवला कुनाचा गाऊ?" मग नाखवांनी पडवीत दोन नारळ मांडले, त्यांना हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या. नारळांचं लग्न आठ दिवस चाललं आणि म्हातारीने एकेचाळीस धवले गायले. पुढे तो फोन खाडीत पडला. गाणी राहिली ती डी ड्राइव्हवर. "एकदा दुसरीकडं कापी करून ठेवन," असं ते दर आठवड्याला म्हणायचे. लोकांना रोज बॅकअपचं सांगणारा माणूस.

एका दुपारी माझ्या टूलची नवीन आवृत्ती आली. ती आपले तुकडे आणखी कुठल्या तरी फोल्डरात ठेवायची आणि अँटिव्हायरस ते पुन्हा उडवायचा. तो दुसरा फोल्डर कोणता हे शोधायला दहा-पंधरा मिनिटं लागली असती. नाखवांना फोन केला असता तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण ते झोपलेले, आणि मला फोन करायला नेहमीच जड जातं. मी यादी उघडली, 'बाय' खोडलं आणि त्या जागी अख्खी डी ड्राइव्ह घातली. गेम चालू झाला. माझा जिताडा पाण्यात पोहला. चार वाजता नाखवांनी तो बघून "आता जमला" म्हटलं, आणि त्या आनंदात यादी पूर्ववत करायची मी विसरले. पहिला आठवडा खरंच विसरले. नंतर आठवायचं, पण घरी असताना.

दिवाळीनंतर एक दिवस दोन वाजता गेले तर नाखवा जेवायला गेले नव्हते. शेजारीच घरून आलेला, न उघडलेला डबा. "बाय, वाच."

मी वाचलं. तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक करा. कोणा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलं होतं. नाखवा नेहमी गिऱ्हाइकाच्या फाइली आधी डी ड्राइव्हवर घ्यायचे, म्हणजे वॉचमन तिथे तपासेल. वॉचमन तपासत नव्हता, आणि धवलेही तिथेच होते.

"समजलो," ते म्हणाले. मग यादी उघडली. मी त्यांच्या मागे उभी होते. यादीत एकच ओळ होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं: अख्खी डी ड्राइव्ह.

"मीच टाकली असन," ते म्हणाले. "ईसरलो. वय जालं."

मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. मी म्हणाले, "होतं असं, काका."

हे तीन शब्द मी अजून कोणाला सांगितलेले नाहीत. गप्प राहिले असते तर निदान गप्प राहण्याचा दोष असता. मी त्यांची समजूत घातली.

माघात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हळदीला आजीचा आवाज लावायचा, असं सगळ्यांचं ठरलेलं. त्याऐवजी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला आणून बसवलं. तिने दोन धवले म्हटले आणि तिसऱ्याच्या मध्यावर ती अडली. हळद लावणाऱ्या बायकांचे हात तसेच थांबले. कोणीतरी पुढची ओळ आठवेल म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी एकाने स्पीकर चालू केला.

हे व्हायच्या आधी, मी पोहोचले तेव्हा नाखवा मांडवाच्या दारात उभे होते, वडिलांसारखे. माझ्या पुढच्या माणसाला त्यांनी "कोन? कंच्या गावचा?" विचारून हसवलं. मी पुढे झाले. शेजारी त्यांची बायको, हौसाकाकी होती. तिने मला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "ही कुनाची?"

नाखवा म्हणाले, "ही सोयरी हाय. हिला नाय इचारायचं." आणि थोडं थांबले. मला वाटलं, गर्दी पुढे सरकायची वाट बघतायत.

मी आत गेले. जिताड्याचं कालवण होतं. मी दोनदा घेतलं.

त्यानंतर परीक्षा आल्या, मग शेवटचं वर्ष, मग ऐरोलीत नोकरी लागली. दुकानावरून जायला लागू नये म्हणून मी मागच्या गेटने ये-जा करायचे. मॉड अर्धंच राहिलं. आई भाजी घेऊन येताना निरोप आणायची, "नाखवा विचारत होते. मशीन ठीक आहे म्हणाले, ये म्हणाले." मी म्हणायचे, रविवारी जाईन. दोन वर्षांत शंभर तरी रविवार आले असतील.

या वर्षी ते दुकानातच बसल्याबसल्या गेले. मला तेही आईकडून कळलं. तेराव्यानंतर हौसाकाकीने बोलावलं. दुकान सोडायचं होतं, मशीनमधले अलीकडचे घरचे फोटो काढून हवे होते. "तूच हातालायचीस ना ते? तोच बोलायचा, बायला ठाऊक हाय."

मशीन सुरू केलं. डी ड्राइव्हवर एकेचाळीस फाइली तशाच कुलूपबंद होत्या. त्यांनी पुसल्या नव्हत्या, कधीतरी कोणी किल्ली काढेल म्हणून असेल. मग कशाला कोण जाणे, मी अँटिव्हायरसची यादी उघडली.

डी ड्राइव्ह तिथे नव्हती. दोन ओळी होत्या. पहिली 'बाय'. दुसरी म्हणजे लांबलचक पत्त्याचा एक छोटा फोल्डर, सी ड्राइव्हच्या पोटात. मला ओळखायला क्षण लागला. माझं टूल आपले तुकडे ठेवायचं तो फोल्डर. जो शोधायचा मला त्या दुपारी कंटाळा आला होता. माझं टूल चालवून बघितल्याशिवाय, ते का अडतंय हे समजल्याशिवाय तो कोणालाही सापडला नसता.

'बाय'मध्ये माझा गेम होता, माझ्या विसरलेल्या पेनड्राइव्हवरून त्यांनी पुन्हा बसवलेला. तो उघडला. वॉचमन काही बोलला नाही.

"काय हाय त्यात?" हौसाकाकीने विचारलं. ती हातात पितळी तांब्या घेऊन उभी होती, दुकानातल्या देवाच्या फोटोसमोरचा.

"काकी," मी म्हणाले, "आईंची गाणी गेली ना, ती काकांमुळे नाही. मी ते दार उघडं टाकलं होतं. माझ्या गेमसाठी. काकांना माहीत होतं."

तिने तांब्या टेबलावर ठेवला. पडद्यावर जिताडा पोहत होता, पोट पांढरं, कल्ला त्यांनी दाखवला होता तिथे.

"आता कोनाला सांगतंस, बाय?" ती म्हणाली.