टोमॅटोवरचा व्हायरस आणि मामांची तंबाखू

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी विषाणू शिकवते. पेशीबाहेर तो धुळीसारखा पडून असतो. खात नाही, वाढत नाही. आत शिरला की मात्र पेशीला तिचं काम सोडायला लावतो आणि तिच्याकडून स्वतःच्याच नकला काढून घेतो. न बोलावलेल्या पाहुण्यानं चूल ताब्यात घ्यावी, तसं.

त्या वर्षी अकोले तालुक्यात आमच्या टोमॅटोची पानं पिवळ्या चट्ट्यांनी आकसायला लागली. रोग विषाणूचा, हे मी लगेच ओळखलं. गुन्हेगारही ओळखला. माझे सासरे जन्मभर तंबाखू मळून त्याच हातांनी झाडं बांधत आलेले. तंबाखूतला विषाणू हातावाटे टोमॅटोला लागू शकतो, हे पुस्तकात आहे. मजूर बायकांच्या देखत मी ते त्यांना ऐकवलं.

"मामा, तुमच्या हातामुळंच झालंय हे. आता झाडांना शिवायचं नाही."

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तंबाखूची चंची खुंटीला टांगून ते बांधावर नुसते बसू लागले. स्वतः लावलेल्या रोपांकडे लांबून बघायचे. मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. शाळेतल्या दोघी शिक्षिकांना सांगितलंसुद्धा.

रोग काही थांबेना. एका रविवारी कृषी सहायक आला आणि ओळींमधून हिंडला. आजारी झाडं एकाला लागून एक, सलग होती.

"झाडाच्या पेशीला भिंत असते, व्हायरसला ती फोडता येत नाही," तो म्हणाला. "आत जायला जखम लागते. फुटवे कोण काढतं?"

फुटवे, म्हणजे बगलेतले जादा कोंब, मी काढत होते. शाळेआधी रोज दोन ओळी. रोगट झाड झालं की शेजारचं निरोगी, एकाच कात्रीनं, एकदाही न धुता. पेशीभित्तिकेवर मी पाच गुणांचा प्रश्न काढते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काही बोलायच्या आत सासरे बांधावरून उठले. "मीच काडतो," ते म्हणाले. "अडानी मानूस, मला काय ठावं?"

कात्री माझ्या हातात होती. सहायकानं तिच्याकडे बघितलं.

"माजीच हाय. सूनबाईनं नुसती धरलीय."

मग सहायकानं कात्री कशी धुवायची ते त्यांना दहा मिनिटं समजावलं. सासरे मान हलवत ऐकत होते. मजूर बायका माझ्याकडे बघत होत्या. मामा, चुकी माझी होती, एवढं म्हणायला मला अजून जमलेलं नाही.