पंधरा की तीस

“घर तिकडं. इथं नुसतं काम.”

दिओलिंदा हे वाक्य चौतीस वर्षं म्हणत आली. पडद्याचं स्वस्तातलं कापड घेताना म्हणायची, कुणी टाकून दिलेली खुर्ची जिन्याने वर ओढून आणताना म्हणायची, कपाचा कान तुटला तरी तोच कप पुन्हा फळीवर ठेवताना म्हणायची. चांगल्या वस्तू ती घेत नव्हती असं नाही. पण त्या या घरात उघडायच्या नाहीत, असा तिचा नेम होता. चांगल्या ताटल्या, लोकरीच्या रजया, नक्षीचा आरसा, सगळं खोक्यातच राहायचं आणि जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी गाडीवर चढायचं. त्या शुक्रवारी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बांधकामं बंद होतात. ती राहते ते लक्झेंबर्गच्या दक्षिणेकडचं पोलाद कारखान्यांचं गाव दुपारपर्यंत निम्मं रिकामं होतं, कारण निम्मं गाव पोर्तुगीज आहे, आणि ऑगस्टात जो पोर्तुगीज आपल्या गावी नाही तो एकतर आजारी असतो नाहीतर मेलेला.

तिकडं, पोर्तुगालच्या उत्तरेला, डोंगरांच्या मागं, तिच्या नवऱ्याने, अबिलियोने, अकरा खिडक्यांचं दगडी घर बांधलं होतं. अबिलियो इथं गवंडी. अकरा महिने लोकांची घरं बांधायची आणि बाराव्यात आपलं. दर ऑगस्टला एक भिंत, नाहीतर एक खिडकी. उरलेलं वर्षभर त्या खिडक्या मिटलेल्या, आणि आत खोकी.

दिओलिंदा राजधानीतल्या एका बँकेत साफसफाईला जायची. पहिल्या बसने जायची आणि तिथली माणसं यायच्या आत परतायची. ज्यांची टेबलं तिने वीस वर्षं पुसली, त्यांचे चेहरे तिने पाहिले नव्हते. पण माणसं तिला ठाऊक होती. कचऱ्याच्या टोपलीवरून तिला कळायचं की कोण संत्री खातो, कुणी सिगारेट सोडली, कुणी पुन्हा धरली, आणि खिडकीजवळची कोण ती बाई हल्ली रोज रडते. “हातात फडकं असलेल्या बाईपासून काही लपत नाही,” असं ती म्हणायची, आणि म्हणताना मान जरा ताठ व्हायची.

कागद मात्र तिच्यापासून लपून राहायचे. आपल्या भाषेतलं चार इयत्तांपुरतं तिला वाचता यायचं. इथली फ्रेंच आणि जर्मन पत्रं आली की ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. रविवारी जेवणं झाली, माशाचे काटे गोळा झाले, की मुलगी कातिया डबा उघडायची आणि एकेक पत्र वाचून सांगायची. कातिया आठ वर्षांची असल्यापासून हे चालत आलं होतं. त्या गावात पुष्कळ घरी असंच चालतं. आईबाप रांधतात, पोरं कागद वाचतात.

कातियाच्या आधी एक मुलगी झाली होती. लुझिया. एकोणचाळीस दिवस जगली. तीस वर्षांपूर्वीच्या जुलैत तिला गावच्या दफनभूमीत ठेवलं, तेव्हा नगरपालिकेतल्या माणसाने खिडकीतून विचारलं होतं, “जागा किती वर्षांसाठी? पंधरा की तीस?” इथं मातीसुद्धा मुदतीने मिळते. मुदत संपली आणि कुणी आलं नाही, तर दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याची होते.

अबिलियोने क्षणभरही विचार केला नाही. “पंधरा,” तो म्हणाला. बायकोकडे वळून आपल्या भाषेत म्हणाला, “पंधरा वर्षं इथं कोण राहतंय? जाताना तिलाही घेऊन जाऊ.”

पंधरा वर्षांनी पत्र आलं, ते अकरा वर्षांच्या कातियाने वाचलं. त्याच खिडकीशी ती टाचा उंचावून उभी राहिली आणि कधी न पाहिलेल्या बहिणीच्या मातीबद्दल बोलली. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा बापाने तेच उत्तर दिलं. “पंधरा सांग. तोवर माझी नोकरी संपते.”

आणि नोकरी खरंच संपली. यंदा ईस्टरला अबिलियो निवृत्त झाला. ईस्टरच्या कोकराचं ताट मध्ये असताना त्याने जाहीर केलं, “जुलैच्या शुक्रवारी जायचं. ह्या खेपेला कायमचं. भाड्याची जागा सोडतो म्हणून घरमालकाला आणि नगरपालिकेला कळवलंय. सगळे परत.”

“सगळे म्हणजे?” कातियाने विचारलं.

“तुझी खोली तयार आहे. पूर्वेची.”

“परत जायला मी तिथं होते कधी, बाबा? ऑगस्टात पाहुणी म्हणून येते मी. माझं काम इथं, माझी माणसं इथं.”

“घर तिकडं आहे.”

“तुमचं आहे. मला खोली बांधायच्या आधी एकदा विचारलंत?”

अबिलियोने सुरी ताटात ठेवली आणि म्हणाला, “मग ह्या घरातही तुझं काय काम?”

त्यानंतर चौदा रविवार कातिया आली नाही. डबा भरत गेला. एके दिवशी झाकण बसेना, तेव्हा दिओलिंदाने ते दोरीने बांधलं.

जुलैच्या मध्यावर, एका गुरुवारी, ती बादली आणि ब्रश घेऊन लुझियाकडे गेली. दर गुरुवारी जायची. दगड ती असा घासायची, की शेजारच्या श्रीमंत थडग्यांनी लाजावं. त्या दिवशी दगडाच्या कोपऱ्यावर पिवळा कागद चिकटवलेला होता. अक्षरं कळली नाहीत. पण तसा कागद तिने आधी पाहिला होता. गेल्या वर्षी पलीकडच्या रांगेत, जुन्या पोलादवाल्या घराण्याच्या दोन थडग्यांवर, ज्यांचं कुणी उरलं नव्हतं. हिवाळ्यात तिथं सपाट माती होती.

तिने ब्रश बादलीत टाकला. खालच्या मजल्यावरची झुल्मिरा आपल्या नवऱ्याच्या थडग्यावर फुलं बदलत होती. तिला थोडं फ्रेंच वाचता येत होतं. दिओलिंदाने तिला हाताला धरून आणलं.

झुल्मिराने चष्मा लावला. “एकतीस जुलैपर्यंत मुदत वाढवा, नाहीतर जागा मोकळी करणार. पत्रं पाठवलीत म्हणे. दोन.” मग तिने चष्म्यावरून पाहिलं. “अगं, पत्रं आली नाहीत का?”

“डब्यात असतील.”

“डब्यात म्हणजे? लोणचं घालतेस का त्यांचं? तुझी कातिया कुठं गेली?”

“भांडलीय बापाशी.”

“बापाशी भांडली, डब्याशी नव्हे. जा तिच्याकडे. आणि त्या दगडोबाला पण सांग.”

संध्याकाळी दगडोबा अबिलियो स्वयंपाकघरात ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. दिओलिंदाने त्याला सांगितलं. तो गुंडाळत राहिला.

“राहू दे,” तो शेवटी म्हणाला.

“काय राहू दे?”

“तीस वर्षं झाली. खाली काय उरलं असेल? जाताना तिला नेऊ म्हणालो होतो, ते आता कसं जमणार? महिनोन् महिने परवानग्या लागतात. आपण पंधरा दिवसांनी निघतो.”

“न्यायचं नाही म्हणत मी. इथं असू दे म्हणते. मुदत वाढव.”

“नाही.”

ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. नळ ठिबकत होता. इतकी वर्षं तो तसाच ठिबकत होता, कारण घर तिकडं होतं.

“मला काही वाटत नाही असं समजू नकोस,” अबिलियो म्हणाला. “ती पेटी मी मांडीवर घेऊन गेलो होतो, मुकादमाच्या गाडीत. ह्या गुडघ्यांना अजून तिचं वजन आठवतं. पण थडगं इथं राहिलं, तर तू येणार नाहीस. अंगाने येशील, डोळे मागं राहतील. चौतीस वर्षं इथं राहून तू तिकडं बघत होतीस. आता तिकडं बसून इकडं बघशील. मी ते घर बघणाऱ्या बाईसाठी बांधलेलं नाही, राहणाऱ्या बाईसाठी बांधलंय.”

त्याचं खोटं नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने दोरी बांधलेला डबा काखेत घेतला आणि गावातल्या पाळणाघरापाशी जाऊन उभी राहिली. कातिया तिथं काम करायची. ती कुंपणापर्यंत आली. कडेवर कुणाचं तरी शेंबडं पोर होतं.

“आज रविवार नाही, आई.”

“डबा भरलाय.”

कातियाने डब्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि पोर दुसरीच्या हाती देऊन बाहेर आली. बाकावर बसून तिने वरवरची पत्रं बाजूला सारली आणि ती दोन शोधून काढली. पहिलं एप्रिलचं होतं. वाचता वाचता ती थांबली.

“माझ्यामुळे पडून राहिलं हे.”

“तुझ्यामुळे नाही. मला वाचता येत नाही म्हणून.”

दोघी तशाच नगरपालिकेत गेल्या. खिडकी तीच, आत आता एक तरुण मुलगी बसली होती. कातियाला टाचा उंचावायची गरज उरली नव्हती. मुलीने संगणकावर नाव पाहिलं आणि म्हणाली की वडील आणि आई दोघांनीही या महिनाअखेर गाव सोडत असल्याचं कळवलं आहे. जागा गावात राहणाऱ्याच्याच नावावर राहू शकते.

कातियाने आईला ते सांगितलं आणि लगेच म्हणाली, “माझ्या नावावर करते. तू बिनघोर जा बाबांबरोबर. गुरुवारी मी जात जाईन.”

मागं रांगेत कुणीतरी खोकलं. तिच्या डोळ्यांपुढं ती अकरा वर्षांची मुलगी उभी राहिली, दप्तरासकट, मेलेल्या बहिणीची मुदत मागणारी.

“नको,” ती म्हणाली. “तू आठव्या वर्षापासून माझे कागद वाहतेस. हे माझं आहे. हिला सांग, मी जात नाही. ते कळवलेलं माझ्यापुरतं मागं घे.”

“आई, बाबा?”

“त्यांना मी सांगते. मी तुझ्याकडे राहीन. एक खुर्ची आहे ना?”

“चार आहेत. विकत घेतलेल्या.”

“मग झालं.”

आतल्या मुलीने काहीतरी विचारलं. कातियाने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण दिओलिंदाला हा प्रश्न तीस वर्षांपासून कळत होता. तिने स्वतःच उत्तर दिलं, फ्रेंचमध्ये, खिडकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून.

“तीस.”

कातियाने दाखवलं तिथं तिने आपली चार इयत्तांची सही केली.

अबिलियोशी ती त्याच दुपारी बोलली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. पुढचे पंधरा दिवस त्याने खोकी बांधली, तिने त्याचे सदरे इस्त्री केले, आणि जेवताना दोघं मीठ मागण्यापुरतं बोलली. एकदा फक्त त्याने विचारलं, “बँकेतलं काम?”

“ठेवते.”

“नव्या घरात मी एकटाच अकरा खिडक्या उघडू?”

“एकच उघड. स्वयंपाकघरातली. बाकीच्या मी ऑगस्टात येईन तेव्हा बघू.”

तो हसला नाही. पण नंतर, झोपायच्या आधी, त्याने तो ठिबकणारा नळ दुरुस्त केला. भाड्याची ती जागा चार दिवसांनी दुसऱ्याची होणार होती.

शुक्रवारी सकाळपासून रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, मागं छोट्या गाड्या जोडलेल्या, वर ताडपत्र्या आवळलेल्या. झुल्मिरा गॅलरीतून सगळ्यांना निरोप देत होती. अबिलियोने शेवटची दोरी ओढून बांधली, तेव्हा दिओलिंदा म्हणाली, “ते ताटल्यांचं खोकं काढ.”

“कुठलं?”

“निळ्या काठाच्या. मला लागतील.”

सगळ्यात खाली होतं ते. त्याने ताडपत्री सोडली, अर्धं सामान उतरवलं, खोकं काढून कातियाच्या हातात दिलं. बाप आणि मुलगी एका खोक्याच्या दोन बाजू धरून क्षणभर उभी राहिली. “जड आहे,” तो म्हणाला. “खालून धर.” एवढंच ती दोघं बोलली.

मग दिओलिंदाने त्याच्या कॉलरची घडी नीट केली. “फ्रान्समध्ये थांब जरा. सलग चालवू नकोस.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दर वर्षी ह्या क्षणी, गाडीचं दार लावताना, ती म्हणायची, “घर तिकडं.” ह्या वेळी ती ते म्हणाली नाही. दाराशी ठेवलेली बादली तिने उचलली, ब्रश आत होताच, आणि ती चढाने दफनभूमीच्या रस्त्याला लागली.

कातिया खोकं छातीशी धरून पाहत होती, झुल्मिरा गॅलरीतून वाकून. अबिलियो गाडीत जाऊन बसला, चावी फिरवली, आणि आरशातून बघत राहिला. आरशात ती लहान होत गेली. चढावर तिने एकदा बादलीचा हात बदलला आणि ती पाववाल्याच्या कोपऱ्यावर वळली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्याने इंजिन बंद केलं आणि तो तसाच बसून राहिला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत.