उष्ट्याची बाटली

मी मुळातच संशयी. दूधवाला समोर माप भरत असला तरी मी वाकून त्याचा अंगठा मापाच्या आत आहे का ते पाहते. घरचे चिडवतात, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा स्वभाव खपून जायचा. तिथं शंका घेणाऱ्याला हुशार समजतात. एकदा मात्र तो चांगलाच अंगाशी आला.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्या कपाटातली सगळ्यात तोऱ्याची वस्तू म्हणजे क्लोरोप्लॅटिनिक आम्ल. प्लॅटिनम अम्लराजात विरघळवलं की क्लोरीनबरोबरचं हे संयुग हाती येतं. नारिंगी-लाल खडे, हवा लागली की ओलावा पिऊन पाघळणारे. पोटॅशियम ओळखायला त्याच्या द्रावणाचे दोन-चार थेंब पुरत. नळीत पिवळाजर्द साका धरला की मुलं खुशाल वहीत लिहीत, पोटॅशियम आहे.

प्लॅटिनम सोन्याहून महाग, तेव्हा त्याचा थेंबही मोरीत जाता कामा नये असा दंडक होता. मुलांच्या नळ्यांत उरलेलं सगळं एका मोठ्या तपकिरी बाटलीत ओतायचं, बाटली कुलपात ठेवायची आणि दोन-तीन वर्षांनी त्यातून प्लॅटिनम परत काढायचं. विभागात त्या बाटलीला सगळे ‘उष्टं’ म्हणत. उष्टं भरलं का, उष्टं सांडू नका रे, असं आमचं चाले.

आमचा लॅब अटेंडंट तेवढा तो शब्द तोंडात घेत नसे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, इंदोरा वस्तीतून सायकलवर येणारा, इतकी वर्षं काढूनही टेम्पररीच राहिलेला. तो म्हणे ‘जमा बाटली’. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्याच्याकडे. मला ते ‘जमा’ खटकायचं. जमा, पण कोणासाठी?

एका उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आधी, विभागप्रमुख सरांनी बाटलीतलं प्लॅटिनम काढायला सांगितलं. मी बाटली जागेवरच ठेवून वरचं थोडं द्रावण पिपेटनं घेतलं आणि खिडकीपाशी धरलं. नारिंगी सोडाच, पिवळसरही म्हणवेना. त्यात नवसागराचं, म्हणजे अमोनियम क्लोराइडचं, द्रावण घातलं, कारण प्लॅटिनम असेल तर त्यानंही पिवळा साका खाली बसतो. काही बसलं नाही. आणि कबूल करते, मला थोडा आनंदच झाला. कोणीतरी प्लॅटिनम पळवून पाणी भरून ठेवलं होतं आणि ते मी पकडलं होतं.

मग काय, मला जिकडेतिकडे पुरावे दिसू लागले. शनिवारी हा सगळ्यांच्या मागे का थांबतो? मागच्या आठवड्यात इतवारी बाजारात सराफ्याच्या तोंडाशी दिसला होता, तो तिथं काय करत होता? शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “काहून वं, किल्ली तर तुझ्यापाशीबी आहे. तुले कोणी काहून नाही विचारत?” मला तिचा राग आला. त्याच रागात मी सरांना चिठ्ठी लिहिली की द्रावण काढून पाणी भरल्याचा संशय आहे आणि दुसरी किल्ली अटेंडंटकडे असते.

त्याच महिन्यात त्याचा कायम होण्याचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी आला होता. चिठ्ठी वाचून सरांनी तो कागद बाजूला सारला. म्हणाले, “हे खरं निघालं तर सही तर नाहीच, नोकरीही जाईल.” मी मान डोलावली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं. तो सरांशी बोललाच नाही, माझ्याकडे वळला.

“मॅडम, बाटली हालवून पाहिली होती का?”

“पाणी हलवून त्याचं प्लॅटिनम होतं का?” मी म्हटलं.

“खाली बसलं असंल. काच कत्थी आहे, बुड दिसत नाही. तुमी सारे उष्टं म्हणता न, म्हणून कोणी त्याच्यात पाहत नाही.”

“आणि तू जमा काहून म्हणतोस?” सरांनी विचारलं.

“माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली सर. तवापासून आमच्या घरात कोणाचं उष्टं आलं नाही. तो शब्दबी नाही.”

त्यानं स्वतः बाटली आणली. वरचं पाणी हळूहळू चंचुपात्रात ओतून घेतलं, तेव्हासुद्धा मोरीत नाही. मग बाटली आडवी करून आमच्यापुढे धरली. बुडाशी दोन बोटं जाड पिवळा गाळ होता.

आता मला सगळं आठवलं. हिवाळ्यात मी एम. एस्सी.च्या मुलांना दाखवलं होतं की अमोनियमची लवणंही असाच पिवळा साका देतात, तेव्हा नुसत्या रंगावरून पोटॅशियम आहे म्हणून मोकळं होऊ नका. तास संपल्यावर उरलेलं नवसागराचं घट्ट द्रावण मीच, माझ्या हातानं, त्या बाटलीत ओतलं होतं. त्यानं सगळं प्लॅटिनम धरून तळाशी बसवलं आणि वर नुसतं पाणी उरलं. ज्या उतावळेपणाबद्दल मी मुलांच्या वह्यांत लाल रेघा ओढायची, तोच मी एका माणसाच्या बाबतीत केला होता.

आम्ही दोघांनी गाळ गाळला, वाळवला, मुशीत घालून धुराड्याखाली तापवला. क्लोरीन आणि नवसागर धूर होऊन गेले आणि मुशीत करडं, भुसभुशीत प्लॅटिनम उरलं. तोलून पाहिलं तर जेवढं असायला हवं तेवढं होतं.

शेवटी मी रजिस्टर ओढून लिहिलं, ‘प्लॅटिनम सापडले.’ तो शेजारी उभा राहून वाचत होता.

“सापडलं लिहू नका मॅडम. हरपलं कवा होतं? होतं म्हणून लिहा.”

मी ‘सापडले’ खोडलं आणि ‘होते’ लिहिलं. मग म्हटलं, “भाऊ, चुकलं माझं.”

असू द्या, असं काही तो म्हणाला नाही. “हो,” म्हणाला, आणि मूस धुवायला घेऊन गेला.

सरांनी माझी चिठ्ठी माझ्यादेखत फाडली, त्याच्या कागदावर सहीही केली. तो कायम झाला, विभागात पेढे वाटले, मलाही दिला. पण आपली किल्ली त्यानं माझ्या टेबलावर ठेवली, ती पुन्हा घेतली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम केलं. कपाटातलं काही लागलं की तो मला हाक मारायचा. मी किल्ली पुढे करून म्हणायची, भाऊ, तुम्हीच काढा ना, मी कशाला हवी? “नाही मॅडम, तुमी पाहून घ्या,” म्हणायचा. आणि मी उठून येईपर्यंत कपाटापासून चार पावलं लांब, दोन्ही तळवे मला दिसतील असे धरून, उभा राहायचा.