बटन दाबलेलं राहिलं

"आधी बटन, मंग तोंड," असं म्हणून काका वायरलेसचा माइक हुकावरून काढायचे, घसा साफ करायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसच्या जीपचे ते ड्रायव्हर. गाडीपेक्षा गाडीतल्या यंत्रावर जास्त जीव असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी पुण्याहून बदलून आलो होतो. डोंगरातल्या गावांत मोबाईलला रेंज नसायची, म्हणून हे वायरलेस. पहिल्याच दिवशी काकांनी मला शिकवलं. "बटन दाबलं का तुमी बोलता, सोडलं का आयकता. दोन्ही संग होत नाही, साहेब. आन् बटन दाबून राह्यलं त साऱ्या गाड्याईले तुमचंच आयकू येते."

काका वायरलेसवर घरच्यासारखं बोलायचे. एकदा वाटेत अडलेल्या गरोदर बाईला त्यांनी जीपमध्ये घेतलं आणि ऑफिसला कळवलं, "बाई लय घाबरून राह्यली. दवाखान्याच्या दारात कोनी बाईमानूस उभी ठेवजा." ते आवाजातूनच धीर देत.

एका दुपारी ते दुसरी जीप घेऊन धामणगाव बढ्याला गेले होते. मी आमच्या जीपमध्ये पुण्याच्याच एका सहकाऱ्याबरोबर बसलो होतो. माइक सीटवर टाकून त्यावर मी फायलींचा गठ्ठा ठेवला. बोलता बोलता काकांची नक्कल सुरू केली. "मले, तुले, काऊन! सरकारी वायरलेसवर असं अडाणी बोलणं! ऐकून लाज वाटते." सहकारी हसला, तसा मला आणखी चेव आला.

निघताना गठ्ठा उचलला आणि स्पीकर खरखरला. कुणा ड्रायव्हरचा आवाज आला, "साहेब, बटन दाबून होतं तुमचं. समद्याईनं आयकलं."

मग काकांचा आवाज आला. एकेक शब्द जपून उच्चारल्यासारखा.

"मी धामणगाव बढे येथे पोहोचलो आहे. रस्ता चांगला आहे."

संध्याकाळी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी पुटपुटलो, "काका, ते आपलं गमतीत..."

"काही हरकत नाही, साहेब."

निवृत्त होईपर्यंत ते तसंच छापील बोलले. पूर्वी रस्ताभर गप्पा मारणारा माणूस आता विचारलं तेवढंच सांगायचा. रोज शेजारी बसूनही माफी मागायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या वर्षी ते वारले. मी बुलढाणा जिल्ह्यातल्याच उंद्रीला, त्यांच्या घरी गेलो आणि काकूंना सगळं सांगून टाकलं.

"घरी बी तसंच बोलाले लागले होते," त्या म्हणाल्या. "नातवाले म्हनत, 'बाळा, इकडे ये.' मी इचारलं, काऊन असं परक्यावानी बोलता? त कधी सांगतलं नाही. आज समजलं."

माझी मान वर होईना. त्या उठल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.