मला भाडेकरू व्हायचं होतं

काका-काकूंच्या घरी आम्ही राहायला गेलो तेव्हा भाडं हा शब्द कोणी उच्चारलाच नाही. दुबईत अल बर्शातलं दोन बेडरूमचं घर, करार काकांच्या नावावर, आणि त्यांची मुलगी शिकायला कॅनडाला गेल्यामुळे तिची खोली रिकामी. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. ओळख गणेशोत्सवातली. महाप्रसादाच्या पंगतीत वाढता वाढता काकूंनी विचारलं, कुठे राहता, आणि आम्ही शारजाहून रोज ये-जा करतो म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, खोली पडूनच आहे आमच्याकडे. बॅचलर लोकांना कोण देतंय? आपलं माणूस असलं की कसं, बरं वाटतं."

महिन्याच्या सुरुवातीला माझा नवरा नोटा पाकिटात घालून काकूंच्या देवघरात ठेवायचा. काकू सांजवातीच्या वेळी ते पाकीट उचलायच्या, उघडूनसुद्धा बघायच्या नाहीत. "घरखर्चाला होतील," एवढंच म्हणायच्या. पावती मागितली असती तर मंडळात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आणि दारात कोणीही येवो, कुरियरवाला, लिफ्टमधली शेजारीण, बिल्डिंगचा वॉचमन, काकू ठरलेलं वाक्य सांगणार, "ही माझी भाची. बहिणीची मुलगी." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग ते आवडायला लागलं. कल्याणला आईला फोनवर सांगितलं तर तीही खूश. चला, परदेशात मावशी मिळाली, म्हणाली.

दुबईत आपल्या भाड्याच्या घरातली खोली दुसऱ्या कुटुंबाला द्यायची तर घरमालकाची लेखी संमती लागते, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारावर नोंदवावं लागतं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. चौघांनाही माहीत होतं. पण ते नियम प्लायवूडची पार्टिशनं ठोकून एका हॉलमध्ये दहा-दहा माणसं कोंबणाऱ्यांसाठी, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. आपण शिकलेले, फॅमिलीवाले, चतुर्थीचा उपास करणारे. आपल्याला कोण विचारायला येतंय? शिवाय माझा व्हिसा माझ्या कंपनीचा होता, नवऱ्याचा त्याच्या कंपनीचा. घराचा कागद आमच्याकडे कधी कोणी मागितलाच नाही.

मग मुलगी झाली.

मी बाळंतपणाच्या रजेवर असतानाच माझ्या कंपनीने इथलं ऑफिस गुंडाळलं. फोनवर एचआरची बाई फार गोड बोलली. काँग्रॅच्युलेशन्स पण म्हणाली, मग व्हिसा कॅन्सल करायला कधी येताय ते विचारलं. आता मला आणि बाळाला, दोघींनाही, नवऱ्याच्या नावाने व्हिसा काढायचा होता. त्यासाठी मुदत असते. ती संपली की रोजचा दंड चालू होतो. मला तेव्हा त्याची धास्ती वाटली नाही. अर्ज करायचा, वैद्यकीय तपासणी करायची, विमा घ्यायचा, झालं. बाळाला घेऊन मी हौसेने नवऱ्याबरोबर टायपिंग सेंटरला गेले, तिथे सरकारी अर्ज भरून देतात.

काउंटरवरच्या माणसाने सगळे कागद नीट लावून घेतले आणि विचारलं, "सर, इजारी?"

इजारी म्हणजे सरकारदरबारी नोंदवलेला भाडेकरार. नवरा म्हणाला, "हम अंकल के घर में रहते हैं. कंपनी का लेटर चलेगा?"

"फॅमिली के लिए नहीं चलेगा, सर. इजारी आपके नाम पे चाहिए. नहीं तो अंकल की इजारी में आपका नाम." माझ्याकडे बघून त्याने आवाज जरा मऊ केला. "ओनर से बोलो ना, मॅडम. परमिशन देगा तो दो मिनट का काम है."

त्या संध्याकाळी काका चहा घेत होते तेव्हा आम्ही विषय काढला. काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "इन्शाल्ला होऊन जाईल. मालकाचा एजंट आपला हबीबी आहे." इथे येऊन इतकी वर्षं झाल्यावर मला एक कळलं होतं. आपला माणूस इन्शाल्ला म्हणाला की काळजीत पडायचं.

काका एजंटकडे गेले खरे. परत आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"मी त्याला सांगितलं, भाची आहे, जावई आहे, त्यांची नावं घालून टाक."

"मग?"

"रक्ताचं नातं आहे तर कागद आणा म्हणतो. आईचं नाव, मावशीचं नाव, सगळं अटेस्ट करून."

मी ताडकन म्हणाले, "काका, भाची कशाला सांगितलंत? भाडेकरू म्हणायचं ना सरळ!"

"अगं, असं कसं म्हणणार?" काकांचा चेहरा अगदी पडला. "दोन वर्षं आम्ही त्याला ठासून सांगतोय, घरात बाहेरचं कोणी नाही. आता भाडेकरू म्हटलं तर परवानगीशिवाय ठेवला, असंच होणार. मालक घर खाली करायला लावेल. या वयात आम्ही कुठे जायचं? माझा धंदा हा असा बसलेला. पोरीची फी चालू आहे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात लाटणं तसंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कोणावर चिडायचं तेच कळेना. काका खोटं बोलले होते, पण ते खोटं दोन वर्षं मी कौतुकाने ऐकत आले होते.

मग नवऱ्याने घरं बघायचा सपाटा लावला. ड्यूटीवरून सुटला की कुठे तरी स्टुडिओ बघायला. घरी येऊन जेवताना मोठ्याने हिशेब करायचा, "पन्नास हजार दिरहम वर्षाला, म्हणजे आपले बारा लाखांच्या जवळ. मालक दोनच चेकमध्ये सगळं मागतोय. वर डिपॉझिट, वर कमिशन." मी बाळाला पाजत ऐकायचे. एका पगारात ते बसत नव्हतं. डिलिव्हरीचं बिल अजून क्रेडिट कार्डावर होतं. बँकेने कर्ज नाकारलं, मित्रांनी हळहळ व्यक्त केली. रोज सकाळी उठले की पहिला विचार मुदतीचा. बाळ हसायला लागलं होतं, आणि मला त्या हसण्याचं काही वाटेनासं झालं. मी इतकी कोरडी झाले होते.

आणि अशातच एका दुपारी वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, इन्स्पेक्शन आया है. हर फ्लॅट देख रहे हैं. नीचे से चालू किया."

काकूंना मी इतकं वेगाने हलताना कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचे शर्ट त्यांनी कवेत घेऊन काकांच्या कपाटात कोंबले. डायपर सिंकखाली. आमचे बूट, चपला मोठ्या पातेल्यात, वर झाकण. बाळासाठी त्यांनीच आपल्या जुन्या साडीची झोळी बांधली होती, लोखंडी स्टँडला. तीसुद्धा त्यांनी सोडली. बाळ जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. "तू पाहुणी आहेस हं," काकू धापा टाकत म्हणाल्या. "भाची आहेस. बाळ दाखवायला आलीयेस."

दोघं जण होते. हातात टॅब घेतलेला एक माणूस, आणि अबाया घातलेली एक तरुण बाई. बाई इतक्या अदबीने आत आली की मला आमच्या पसाऱ्याची लाज वाटली.

"हाऊ मेनी पीपल लिव्ह हिअर, आंटी?"

"टू ओन्ली. मी अँड हजबंड. शी इज माय नीस. गेस्ट."

माणसाने टॅबवर काही तरी टिपलं. बाईने दोन्ही खोल्या पाहिल्या. आमच्या खोलीत ती जरा जास्त वेळ थांबली. बाल्कनीत वाळत घातलेली झबली तिला दिसली असणारच, लंगोटांची रांगच्या रांग होती. बाहेर येऊन तिने रडणाऱ्या बाळाच्या पायाला हळूच बोट लावलं आणि मला विचारलं, "सिस्टर, यहां रहती हो या मिलने आई हो?"

मी बाळाला थोपटायला लागले. तिला वाटलं मी घाबरले. म्हणून तिने समजावून सांगितलं. "हम फॅमिली को तंग करने नहीं आए. ओनर की परमिशन हो तो एक फॅमिली शेअर कर सकती है. बस, नाम रजिस्टर होना चाहिए. यू आर टेनंट?"

तो शब्द तिनेच माझ्या हातात ठेवला होता. हो म्हटलं असतं तर मी तिथे राहते हे निदान एका सरकारी माणसाला कळलं असतं. दोन वर्षांची खरी गोष्ट एकदाची कुठे तरी लिहिली गेली असती. त्यापुढे काय झालं असतं, मालकाने संमती दिली असती की आम्हा सगळ्यांनाच बाहेर काढलं असतं, मला आजही माहीत नाही. पण काकूंनी नुकतंच टू ओन्ली म्हटलं होतं, आणि ते टॅबवर चढलं होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या देवघराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हातात झोळीच्या साडीचं टोक तसंच राहिलं होतं, बोटांभोवती घट्ट गुंडाळलेलं.

"मेहमान हूं," मी म्हणाले. "अगले हफ्ते इंडिया जा रही हूं."

बाईने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग अभिनंदनाचं "मब्रूक, सिस्टर" म्हणून बाळाच्या गालाला हात लावून ती गेली. मला खात्री आहे, तिला सगळं समजलं होतं.

दार लागल्यावर काकू रडायला लागल्या. मी नाही रडले. मी पातेल्यातून चपला काढल्या आणि जागच्या जागी लावल्या. नवरा संध्याकाळी आला, त्याला मी एवढंच सांगितलं की तिकिटं काढ. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भिंतीला टेकून बसून राहिला, आणि बाळाने त्याचं बोट धरलं होतं ते सोडवायला तयार होईना.

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी पाट मांडला, रांगोळी काढली आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी.

"भाचीच आहेस गं तू माझी," त्या म्हणाल्या.

मी वाकून नमस्कार केला. त्या वाईट नव्हत्या. बाळंतपणात त्यांनी माझे पाय चेपले होते, डिंकाचे लाडू करून घातले होते, आणि हे सगळं मनापासून. तरी त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की ओटीतला नारळ तिथेच आपटावा असं वाटलं. मला भाची व्हायचं नव्हतं हो. मला भाडेकरू व्हायचं होतं. नाव, नंबर आणि राहायचा हक्क असलेली, पावती मागणारी, परकी बाई.

नवऱ्यानेही पुढे ती खोली सोडली. तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कंपनीच्या स्टाफच्या खोलीत राहायला गेला. तिथून तो रोज व्हिडिओ कॉल करायचा, पण हळू आवाजात, कारण शेजारच्या बंकवरचा माणूस शिफ्ट करून झोपलेला असायचा. कल्याणला मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. आई म्हणायची, बघ, गेलं की नाही वर्ष. मला तिचं ते बोलणं सहन व्हायचं नाही. फोन वाजला की मुलगी "बाबा" म्हणून धावायची, पडद्याला पापे द्यायची, आणि फोन बंद झाला की पुन्हा खेळायला जायची.

शेवटी त्याला बढती मिळाली आणि शहराच्या पार टोकाला एक स्टुडिओ मिळाला. त्याने कराराचा फोटो पाठवला. राहणाऱ्यांच्या रकान्यात तीन नावं होती. माझं नाव मी बोट ठेवून वाचलं, मग मुलीचं. आईला दाखवलं. तिला त्यात एवढं काय ते कळलं नाही.

आम्ही दुबईच्या विमानतळावर उतरलो तेव्हा मुलीला दोन वर्षं पुरी होऊन गेली होती. तो बाहेर कठड्याला टेकून उभा होता. बारीक झालेला, हातात फुगा. पडद्यावर नुसता चेहरा दिसायचा, आता उभा माणूस समोर आला. मुलगी माझ्या पायामागे लपली. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पसरले.

"बघ, कोण आलंय," मी म्हणाले. "ओळखलंस का?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन हात जोडले आणि एकदम स्पष्ट म्हणाली, "नमस्कार, काका."

आजूबाजूची दोन-चार माणसं कौतुकाने हसली. तोही हसला. फुगा तिच्या हातात देऊन त्याने ट्रॉली घेतली आणि आमच्या पुढे चालायला लागला, भराभर, मागे न बघता. घरात येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला असंच म्हणायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.