खोटी पट्टी

आमच्या दादाला ओतकामाच्या कारखान्यात सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. तोंडावरसुद्धा. सूत म्हणजे सुतारांचं जुनं माप, इंचाचा आठवा भाग. कुणाचंही काम हातात घेतलं की दादा एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, “सूतभर कमी आहे.” पट्टी लावली की तेवढंच कमी निघायचं. अठ्ठावीस वर्षं त्याने लोकांना असा वात आणला आणि लोकांनी त्याला मान दिला. मी घरचीच, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसता वातच आला.

दादा पॅटर्नमेकर. जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी लाकडात घडवायची, वाळूत दाबून तिचा खड्डा घ्यायचा आणि त्या खड्ड्यात लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड किंचित मोठं लागतं. त्यासाठी या लोकांची पोलादी पट्टीच वेगळी असते. एका बाजूला खरं माप, दुसऱ्या बाजूला ताणलेलं, तिथला प्रत्येक सेंटीमीटर केसभर मोठा. आमचे वडील तिला खोटी पट्टी म्हणत. त्यांच्यामागे ती दादाकडे आली. मागच्या खोलीत खिळ्याला तो ती टांगायचा, खोटी बाजू भिंतीकडे करून, म्हणजे कुणी अजाणता त्या बाजूने मोजायला नको. लहानपणी एकदा मी ती उलटी टांगली होती, तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मी त्याची धाकटी बहीण. पुढच्या खोलीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर आली की जुनी तार उपसायची आणि मोजून नवे वेढे भरायचे, हे मी तेवीस वर्षं करते आहे. दादा मला ‘गुंडाळी’ म्हणतो. घरात येताना त्याला माझ्या दुकानातूनच यावं लागतं, आणि तेवीस वर्षांत एकदाही तो थांबून माझं काम बघत बसलेला मला आठवत नाही.

मग कारखान्याने लाकूडकाम बंद केलं. पॅटर्न बाहेरून येऊ लागले, कॉम्प्युटरच्या मशीनवर कोरलेले. दादाच्या हातात भिंतीवरचं एक घड्याळ ठेवलं आणि त्याला घरी पाठवलं. तो थेट मालकासमोर जाऊन उभा राहिला.

“मशीनवर कोरलेलंच हवं ना? मी मशीन बनवतो.”

मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “बनवा. पंपाच्या आवरणाचा एक नमुना आणा. मापात बसला तर वर्षभराचं काम तुमचं. नाही बसला तर मात्र परत विचारू नका.”

मशीनचा सांगाडा दादाने देखणा केला. रुळांवरून कोरणारं डोकं एका बोटाने ढकललं तर शेवटापर्यंत सरळ जायचं. पण त्याला हलवणार कोण? विजेतलं दादाला ओ की ठो कळत नाही. एका दुपारी तो माझ्या टेबलाशी घुटमळला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड.

“गुंडाळी, समजा एखाद्याला त्याच पैशात मोठी मोटर मिळतेय. तर त्याने लहान का घ्यावी?”

“कोणाला मिळतेय?”

“एखाद्याला.”

त्याच्या खिशातला कागद मीच काढून घेतला. स्टेपर मोटरी होत्या. या मोटरी पंख्यासारख्या गरगरत नाहीत. कंट्रोलर एक इशारा देतो, मोटर एक पाऊल टाकते, अशा दोनशे पावलांत तिची एक फेरी होते. ताकदीच्या आकड्याखाली दादाने पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या.

“हा आकडा उभ्या मोटरचा आहे,” मी म्हणाले. “जागेवर किती घट्ट धरून राहते त्याचा. पळताना किती ओढते ते यात नाहीच. हिच्या पोटात वेढे फार, करंट भरायला वेळ लागतो. तुझ्या चोवीस व्होल्टच्या सप्लायवर जोरात पळवलीस तर दम टाकेल. एक तर लहान मोटर घे, नाहीतर अठ्ठेचाळीसचा सप्लाय आणि तो झेपेल असा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारी पेटी. आणि मागे पावलं मोजणारा एन्कोडर असलेली मिळाली तर तीच घे. नाहीतर एखादं पाऊल चुकलं तरी कंट्रोलरला पत्ता लागणार नाही. तो आपला धरून चालणार, सांगितलं म्हणजे झालं.”

मी इतकं सलग त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. समोर एक गिऱ्हाईक पंपाची मोटर घेऊन उभं होतं. त्याच्यादेखत दादा हसला.

“तुझ्याकडे येतात त्या जळालेल्या मोटरी, गुंडाळी. चालू मोटरचं तुला काय कळणार?”

कागद घडी करून तो आत गेला. गिऱ्हाईकसुद्धा हसलं. त्याला मी मोटर आठ दिवस उशिरा दिली, पण त्याने काय होणार होतं?

मोटरी आल्या. नाकापेक्षा मोती जड! कंट्रोलरबरोबर चोवीस व्होल्टचा सप्लाय मिळत होता, तोच त्याने लावला. मशीन पहिल्यांदा पळवलं तेव्हा मोटर कण्हली आणि जागच्या जागी थरथरत उभी राहिली. दादाने वेग कमी केला, कण्हणं थांबलं, आणि स्वारी खूश झाली. पण त्याने वेग कमी केला होता तो लाकूड कापतानाचा. एका जागेवरून दुसऱ्या जागी रिकामं धावण्याचा वेग होता तसाच राहिला.

वहिनी माझ्याकडे आली. “ताई, तुम्ही परत एकदा सांगून बघा ना.”

“पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतू?” मी म्हणाले. मला बरं वाटलं तसं म्हणताना.

नमुना दोन दिवस कोरला जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून मला तो आवाज आला. अर्ध्या श्वासाची गुरगुर, उचकी लागल्यासारखी, की पुन्हा मशीन सुरळीत. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती. माझ्या हातातली तार थांबली. मोटर पावलं चुकली होती.

काम संपल्यावर दादा आंघोळीला गेला. मी मागच्या खोलीत गेले. पॅटर्न मशीनवरच होता, इतका सुबक की वडिलांनीसुद्धा हात फिरवला असता. मी खिळ्यावरची पट्टी काढली, खोट्या बाजूने दोन गोलांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं. नकाशात तीनशे मिलिमीटर होतं. पट्टीवर दोनशे सत्त्याण्णव आलं. परत मोजलं, तरी तेच.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. दाराशी जाऊन हाक मारायला चार पावलंसुद्धा लागली नसती. मी पट्टी खिळ्याला अडकवली आणि माझ्या टेबलाशी येऊन मूग गिळून बसले. तो मोजेलच, असं मी स्वतःला सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांचं मोजणारा माणूस आपलं मोजणार नाही का? पण खरं सांगायचं तर त्याने मोजू नये असंच मला वाटत होतं. एकदा तरी, चारचौघांत, त्याला कुणीतरी चुकलास म्हणावं.

दादा धुतलेला शर्ट घालून मागच्या खोलीत गेला. तिथे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग पॅटर्न जुन्या चादरीत गुंडाळून तो बाहेर आला आणि माझ्या टेबलासमोर थांबला.

“निघू ना मग?” त्याने विचारलं.

घरातून बाहेर पडताना त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. मी मान वर केली नाही. “नीघ,” म्हणाले.

कारखान्यात काय झालं ते वहिनीला दुसऱ्यांकडून कळलं. मालकाने जुन्या लोकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कौतुकानेच. सगळ्यांसमोर माप घेतलं. तीन मिलिमीटर कमी, म्हणजे जवळजवळ एक सूत. मालकाने पॅटर्न परत चादरीवर ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, “सूतभरचं सूतभरच चुकलं की!” आणि सगळे हसले. दादाही हसला म्हणे.

वर्षाचं काम दुसरीकडे गेलं. सप्लाय बदलला असता तर मशीन चाललं असतं. मी तसं सांगितलंही, नंतर, सगळं संपल्यावर. त्याने मान हलवली. मशीनवर चादर पडली ती पडलीच. घरात बसून वहिनीचं तोंड बघवेना, तसा तो माझ्या दुकानात येऊन बसू लागला. जळालेल्या मोटरींमधली काळी तार चिमट्याने उपसायचा. कुणी सांगितलं नव्हतं. ते काम तो नीट करतो, माझ्याहून नीट.

परवाची गोष्ट. मी वाइंडिंगचा दांडा फिरवत वेढे भरत होते. दादा खाली बसला होता, मांडीत मोटर घेऊन. वर न बघताच म्हणाला, “त्या दिवशी पट्टी उलटी होती.”

“कुठली पट्टी?”

“खोटी बाजू बाहेर होती. तुझी वहिनी पट्टीला हात लावत नाही.” त्याने एक तार ओढून काढली. “म्हटलं, गुंडाळीने मोजलेलं दिसतंय. तरी निघताना तुला विचारलं. तू नीघ म्हणालीस. म्हणून मग मी नाही मोजलं.”

माझा हात फिरतच राहिला. थांबला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं. किती वेढे झाले ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं, आणि आता सगळी तार सोडून पहिल्यापासून मोजावं लागणार होतं. मी दांडा धरून तशीच बसले.

“चौसष्ट,” दादा म्हणाला.